खाकी कागदावरचे छर्रे

१२ जानेवारी

आज बंदूक हातात मिळाली. माझ्याच नवऱ्याची बंदूक, पण सही करून घ्यावी लागली आणि निघताना परत नेमबाजीच्या मैदानावरच्या कुलपात ठेवून यावी लागली. हे गेल्यापासून ती तिथेच आहे. घरात परवानावाला माणूस नसेल तर बंदूक घरात ठेवता येत नाही, असा नियम. मार्चअखेर परीक्षा आहे. यंत्रातून मातीच्या तबकड्या भिरकावतात, त्यातल्या निम्म्या तरी हवेत फोडायच्या. फोडल्या तर बंदूक माझ्या नावावर होऊन घरी येईल. नाही फोडल्या तर कुणा परवानावाल्याला देऊन टाका, नाहीतर सरकारजमा.

आज एकही फुटली नाही. एकही! तबकड्या आपल्या आरामात जाऊन गवतात बसत होत्या. आणि बंदुकीचा मागचा लाकडी दस्ता, जो खांद्याला आणि गालाला लावायचा, तो बार काढला की गालफडावर असा आदळतो की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, हे काय नवीन खूळ? तुला तर तो आवाजसुद्धा सहन व्हायचा नाही. कानात बोळे घालून बसायचीस."

खरं आहे. इतकी वर्षं दर रविवारी ह्यांच्या मागे घडीच्या स्टुलावर बसले, मांडीवर दुमड शिवायला घेतलेला कुणाचा तरी स्कर्ट, आणि मनात एकच, कधी एकदा संपतंय. मग आता का? ते मलाही सांगता येत नाही. पॅसेजमधलं बंदुकीचं लोखंडी कपाट रिकामं आहे, ते बघवत नाही, एवढं कळतं. लेक म्हणते त्यात इस्त्रीचे कपडे ठेव. ठेवते म्हटलं. ठेवले नाहीत.

१५ जानेवारी

परत शून्य. मास्तर म्हणजे मैदान सांभाळतात ते, ह्यांचे जुने स्नेही, बोलणं कमी आणि मिशी जास्त. म्हणाले, "ताई, तबकड्या राहू द्या. आधी कागदावर मारून बघा. ही छऱ्यांची बंदूक. एक गोळी जात नाही, छऱ्यांचा झोत जातो. तो जातो कुठे ते तरी कळू दे."

पद्धत सोपी आहे. भला मोठा कागद ताणून उभा करायचा, मधोमध खूण करायची, ठरलेल्या अंतरावरून खुणेवर नेम धरून एकच बार काढायचा. मग भोकं जिथे दाट पडली तिथे वर्तुळ काढायचं आणि ते खुणेपासून कुठल्या बाजूला सरकलंय ते बघायचं. एका कागदाने काही ठरत नाही, पुष्कळ लागतात. मैदानावर तयार छापील कागद विकायला आहेत. मध्ये लाल ठिपका, कडेने नक्षी. असल्या कागदाला पैसे मोजायचे? अहो, मी जन्मभर शिवणकाम करतेय. कागद, कात्री आणि खळ, माझ्या घरात दुसरं आहे काय!

१८ जानेवारी

दिवसभर कागदकाम. वर्तमानपत्रं जोडून बघितली, पण आधीच अक्षरांची गर्दी, त्यात भोकं कुठली दिसायला? किराण्याच्या कागदी पिशव्या उसवून चिकटवल्या, त्या छान. मैद्याची खळ लावायची, वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री फिरवायची, कागद ताठ होतो. मधली खूण करायला वाटी उपडी ठेवून कडेने पेन्सिल फिरवली आणि आत बुटाचं काळं पॉलिश भरलं. ह्यांच्या बुटांचं, अर्धी डबी उरलेली. पाठीला लावायला फ्रिजच्या दुकानातून मोठं खोकं मागून आणलं.

"हे खोकं नेऊ का?" "न्या." आज दिवसभरात माझं माणसाशी झालेलं बोलणं एवढंच.

१९ जानेवारी

कागद मैदानावर उभा केला, दोन बांबूंना कपड्याच्या चिमट्यांनी. मास्तर मिशीत हसले, पण म्हणाले, "चांगलाय की!"

बार काढला. जाऊन बघते तर खूण कोरी करकरीत आणि सगळे छर्रे डावीकडे खाली. दुसरा कागद, तसंच. तिसरा, तसंच. घेरदार झग्याचा घेर काढतात तसं दोरीला पेन्सिल बांधून वर्तुळ काढलं. तिन्ही वर्तुळं जवळपास एकाच जागी. म्हणजे बघा, हात माझा स्थिर आहे. बंदूकच वाकडी आहे!

भाऊजी गाडीत बसून होते. ह्यांचे धाकटे भाऊ. बस चालवायचे, आता निवृत्त, एकटेच असतात. मला गाडी येत नाही आणि बस शेवटच्या थांब्याच्या पुढे जात नाही, म्हणून तेच नेतात-आणतात. पेट्रोलचं विचारलं की "राहू द्या हो वहिनी." परवाना त्यांच्याकडेही आहे, पण हे गेल्यापासून बंदुकीला हात लावलेला नाही. मला फसवतात की काय! हे गेले त्याच महिन्यात विचारलं होतं, "वहिनी, बंदुकीचं काय ठरवलंत?" तेव्हाच मी काय ते ओळखलं. मुकाट नेतात, मुकाट आणतात, आणि मार्चअखेर मी नापास झाले की बंदूक आयती त्यांच्या पदरात.

२२ जानेवारी

शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आल्या होत्या. वडिलांचा कोट घेऊन. वडील गेल्या वर्षी गेले, आता हा मी वापरणार म्हणाल्या. अंगात घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. खांदे कोपरापर्यंत ओघळलेले, मानेमागे पोकळी. मी म्हटलं, "कोट उत्तम आहे, कापड तर बघायला नको. पण हा त्यांच्या अंगावर बेतलाय. नुसत्या बाह्या आखडून भागायचं नाही, खांद्यापासून उसवावा लागेल."

बाईंचा चेहराच उतरला. "सगळा उसवणार?" म्हणाल्या आणि कोट घडी करून परत घेऊन गेल्या. आता काय बोलायचं? लोकही काय एकेक असतात. कपाटात लटकवून ठेवलेल्या कोटाने कुणाला ऊब आली आहे का?

२६ जानेवारी

पिशव्या संपल्या. माळ्यावरून गिऱ्हाइकांचे जुने खाके काढले. प्रत्येकीच्या मापाचे खाकी कागद, वर्षानुवर्षं जपलेले. ज्या गाव सोडून गेल्या, ज्या गेल्याच, त्यांचे जोडून मोठे ताव केले. काय कागद आहे! वाऱ्याने फाटत नाही, भोक कसं स्वच्छ पडतं. चुकून बेकरीवालीची पाठही त्यात गेली. बाई चांगली जिवंत आहे. मास्तरांनी कागदावरचं नाव वाचून विचारलं, "ह्यांनी काय केलंय तुमचं?" हसू आवरेना. घरी आल्यावर हे कुणाला सांगावं म्हणून फोन हातात घेतला, तर लेकीकडे तेव्हा कामाची वेळ.

छर्रे डावीकडे खाली. बेकरीवालीच्या बगलेत.

२ फेब्रुवारी

काडतुसं बदलून बघितली. डावीकडे खाली. वारा पडल्यावर बघितलं. डावीकडे खाली. मुद्दाम उजवीकडे वर नेम धरला, तर तो अति झाला, छर्रे कागदाच्याच बाहेर. गालाचं हाड काळंनिळं झालंय. बेकरीवालीने ब्रेड देता देता विचारलं, "पडलात की काय?" मी हो म्हटलं.

खरं सांगायचं तर ह्या सुजेचं मला वाईट वाटत नाही. दस्त्यावर एका जागी पॉलिश गेलंय, लाकूड गुळगुळीत उघडं पडलंय. तिथे ह्यांचा गाल टेकायचा. मीही तिथेच टेकते. दाढीच्या साबणाचा वास येतो, का मला तसं वाटतं, कोण जाणे.

९ फेब्रुवारी

आज भाऊजींना नको ते बोलले. येताना गाडीत मी म्हणत होते की बंदूक वाकडी झालीय, मास्तरांनी कुठेतरी आपटली असणार. भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादाची बंदूक वाकडी नाही."

"तुम्हाला काय ठाऊक? हात तरी लावलात का इतक्या दिवसांत?"

"नाही लावला."

"मग? का मी कंटाळून सोडून द्यावी म्हणून वाट बघताय? एकदाचं तोंडाने सांगा ना, हवी आहे म्हणून!"

त्यांनी घराशी गाडी थांबवली, डिकीतून माझे कागद, बांबू, खोकं सगळं नीट दाराशी आणून ठेवलं. "येतो" म्हणाले आणि गेले. मनाला लागलं असावं. लागू दे. मला काय कमी लागलंय?

१२ फेब्रुवारी

भाऊजी आले नाहीत. मीही फोन केला नाही.

१६ फेब्रुवारी

बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, पुढे खाणीच्या रस्त्याने चालत. काखेत कागदाची गुंडाळी, खांद्याला पिशवी, हातात बांबू. वाऱ्याने गुंडाळी उलगडायची आणि मी रस्त्याच्या मधोमध तिच्याशी झटापट करायची. कुत्रं भुंकलं, तेसुद्धा कंटाळून गेलं.

मास्तरांनी आज माझे आतापर्यंतचे सगळे कागद एकावर एक धरून उजेडात बघितले. मग रिकामी बंदूक मला खांद्याला लावायला सांगितली आणि समोर उभे राहून नळीवरून माझ्या डोळ्यात बघत राहिले.

"ताई, बंदूक सरळ आहे."

"मग मी वाकडी का?"

"तुम्हीही नाही. हा दस्ता त्यांच्या मापाचा आहे. मीच घडवला होता, त्यांच्या खांद्याला आणि गालाला लावून लावून. त्यांचे हात लांब, चेहरा लांब. तुम्ही गाल टेकलात की तुमचा डोळा नळीच्या रेषेत येतच नाही, खाली आणि बाजूला राहतो. म्हणून छर्रे तसे जातात." मग म्हणाले, "दस्ता मागून दोन बोटं कापतो आणि गालाखाली लाकूड चढवतो. तुमच्या मापाची करून देतो. परीक्षा आरामात पास व्हाल."

मी विचारलं, "गालाखाली म्हणजे, ती पॉलिश गेलेली जागा?"

"ती तासावी लागेल. नवीन लाकूड त्याच्यावरच बसवायचं ना."

विचार करून सांगते म्हटलं. येताना बसमध्ये माझीच मला लाज वाटली. दुसऱ्याच्या मापाचं ते दुसऱ्याला बसत नाही, हे मी रोज दहा जणींना सांगते, आणि माझ्याच डोक्यात उजेड पडू नये? चित्रकलेच्या बाईंना काय काय मनात म्हटलं होतं मी.

२३ फेब्रुवारी

मास्तरांना नाही म्हणून सांगितलं. "कापू नका."

"मग परीक्षेचं?"

"बघू."

बघू काय, डोंबल! कापली तर घरी येईल, पण येईल ती माझी बंदूक. माझ्या बंदुकीचं मला काय करायचंय? नाही कापली तर मी नापास, आणि ती भाऊजींकडे नाहीतर कुणा परक्याकडे जाणार. घेणारा हौसेने पहिल्याच दिवशी दस्ता तासून घेईल. दोन्हीकडून माझंच मरण.

एक मात्र आज स्वतःशी कबूल केलं. मला तबकड्या फोडायच्याच नव्हत्या. मी आठवड्यातून दोनदा तिथे गाल टेकायला जात होते. घरी भाजी केली होती, तशीच झाकून ठेवली. रडले थोडी.

२ मार्च

सकाळी भाऊजींना फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, ऐनवेळी सगळं विसरले. "येताय का?" एवढंच म्हटलं. पाचदहा मिनिटांत दारात हजर. चपला घालूनच बसले होते की काय कोण जाणे.

गाडीत मी म्हटलं, "त्या दिवशी मी जास्त बोलले."

"असू द्या हो."

मैदानावर कागद लावला. माझ्याकडचा उरलेला चांगला ताव. म्हटलं, "भाऊजी, एक बार तुम्ही काढा. बंदूक सरळ आहे म्हणतात, मला डोळ्यांनी बघायचंय."

"मला नको, वहिनी."

"का?"

"नको."

"मग मी हे चिकटवत बसले ते कुणासाठी? एकच!"

मास्तरांनी बंदूक त्यांच्या हातात दिली. मी स्टूल उघडून मागे बसले, सवयीने, नेहमीच्या जागी.

भाऊजींनी डावा पाय पुढे टाकला. उजवा खांदा थोडा वर उचलला, मान कलती केली. तोच खांदा. तीच मान, कानामागे तेच केस. बार झाला. त्यांनी बंदूक खाली घेतली, मधून दुमडून उघडली, रिकामं काडतूस बाहेर पडलं आणि ते क्षणभर तसेच समोर बघत उभे राहिले. मी थर्मासकडे हात नेला. ह्यांना बार काढल्यावर लगेच चहा लागायचा. झाकण फिरवायला सुरुवातही केली होती.

मग ते वळले, तर भाऊजी होते.

मी अशी ओक्साबोक्शी रडले की मास्तर शेडमध्ये निघून गेले. भाऊजी घाबरले. "लागलं का काही? धूर गेला का डोळ्यांत?" मी हो म्हटलं. कागद बघायला कुणी गेलंच नाही. नंतर मास्तरांनी काढून आणला. काळी खूण छऱ्यांनी पार उडून गेली होती.

५ मार्च

दोघांचे शर्ट मी एकाच खाक्यावर बेतत आले, कॉलर तेवढी भाऊजींची एक बोट लहान. अंग एकाच मापाचं हे माहीत होतं, पण दस्ताही त्यांना बसेल हे सुचलं नाही.

संध्याकाळी त्यांना बोलावलं आणि सांगितलं, "बंदूक तुम्ही घ्या. फक्त दस्त्याला हत्यार लावायचं नाही, पॉलिशसुद्धा नाही."

ते मग म्हणाले, "वहिनी, मी बंदुकीसाठी येत नव्हतो."

"मग कशासाठी येत होतात?"

खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रविवारी करायचं काय असतं?"

मी म्हटलं, टीव्ही लावावा. निदान आवाज होतो घरात.

३० मार्च

आज परीक्षा होती. मी गेले, पण द्यायला नाही, सही करायला. बंदूक भाऊजींच्या नावावर झाली. कपाटही त्यांच्याकडेच गेलं, त्यांना लागणारच. भिंतीवर जिथे ते होतं तिथला रंग वेगळाच दिसतो, नव्यासारखा. लेक म्हणाली, "शहाणपणा केलास." तिला वाटतं मी एकदाची मोकळी झाले.

घर फार गप्प आहे. कात्री खाली ठेवली तरी आवाज होतो.

२० एप्रिल

रविवार. आता दर रविवारी जाते. भाऊजींना तबकड्यांची हौस नाही, कागदावरच मारतात. कागद माझे. चित्रकलेच्या बाई शाळेतले वापरलेले मोठे कागद आणून देतात, पाठकोरे. त्यांचा कोट अजून तसाच आहे. मी विषय काढत नाही.

मी मागे स्टुलावर बसते. भाऊजी पाय पुढे टाकतात, खांदा उचलतात. तेवढा वेळ मी टाका घालत नाही, नुसती बघते. बार झाला की मात्र पटकन मान खाली घालते आणि सुई शोधायला लागते, म्हणजे ते वळताना दिसायला नको.

एक बरं आहे, हल्ली भाऊजी लगेच वळत नाहीत. सुरुवातीला वळायचे. आता बार काढला, बंदूक उघडली की तसेच पाठमोरे उभे राहतात, चांगला वेळ, मी खाकरून "चहा घेताय ना?" म्हणेपर्यंत. मला तेवढंच पोटभर बघायला मिळतं. आज विचारलं, "काय हो, गुडघे धरतात का?"

"हो वहिनी," म्हणाले, "हल्ली जरा धरतात."

पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी तेल न्यायला हवं.